भोंगा कुणाचा, संध्याकाळ कुणाची?

आठवड्याला ७० तास, ९० तास… कामाचे तास वाढवा म्हणणाऱ्यांची लॉजिक्स ऐकून तुमचं डोकं फिरतं? मग ही गोष्ट वाचाच. हीच लॉजिक्स याच मुंबईत दीडशे वर्षांपूर्वी गिरणीमालकांनी मांडली होती. तेव्हा पुढे काय झालं?

रात्रीचे पावणेनऊ. लोअर परळमधल्या कुठल्याही काचेच्या बिल्डिंगकडे मान वर करून बघा. सातव्या मजल्यावर ट्यूबलाइट, अकराव्यावर ट्यूबलाइट, चौदाव्यावर तर अख्खा फ्लोअर लख्ख. खाली कॅबची रांग. कुणी फोनवर आईला सांगतंय, ‘तुम्ही जेवून घ्या, मला उशीर होईल.’ कुणी लिफ्टमध्येच लॅपटॉप उघडून शेवटचा मेल टाकतंय. हे सगळं कसं एकदम मॉडर्न, कॉर्पोरेट, ग्लोबल वाटतं ना?

पण जरा थांबा. ज्या आवारात तुमचं ऑफिस आहे त्याचं नाव आठवा. कमला मिल्स, फिनिक्स मिल्स, मथुरादास मिल्स… नावातली ‘मिल’ अजून तिथेच आहे. या जमिनीवर उशिरापर्यंत दिवे जळण्याची ही काही पहिली वेळ नाही. तेव्हाही दिवे लागले, तेव्हाही कुणीतरी घरी उशिरा गेलं, आणि तेव्हाही ‘दिवसाला इतकेच तास’ असा कायदा करा म्हटल्यावर मालक मंडळी खवळून उठली होती.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती म्हणाले की देशाच्या तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करायला हवं. २०२५ च्या जानेवारीत एल अँड टीचे एस. एन. सुब्रह्मण्यन ९० तासांवर पोचले, रविवारीही काम करून घेता आलं असतं तर बरं झालं असतं म्हणाले. आपण काय केलं? मीम्स फॉरवर्ड केले. दोन दिवस हसलो, तिसऱ्या दिवशी पुन्हा लॉग-इन.

पण मीम्सच्या पलीकडे एक सिरियस प्रश्न आहे. कामाचे तास ठरवायचे कुणी? बॉसने, मार्केटने की कायद्याने? याचं उत्तर शोधायला थोडं मागे जाऊया. कंटाळवाणं नाही होणार, प्रॉमिस!

सूर्य हेच पंचिंग मशीन

मुंबईत पहिली कापड गिरणी उभी राहिली ती १८५० च्या दशकात, ताडदेवला. कावसजी नानाभाई दावर यांची. पुढच्या वीस वर्षांत परळ, भायखळा, चिंचपोकळी भागांत धुरांडी दिसायला लागली. कोकणातून, साताऱ्याकडून, देशावरून माणसं येत होती. गाठोडं घेऊन यायचं, गाववाल्याच्या खोलीत पथारी टाकायची आणि मुकादमाची ओळख काढून कामाला लागायचं.

शिफ्ट किती तासांची? सिंपल आहे. उजाडलं की सुरू, अंधारलं की बंद. म्हणजे हिवाळ्यात साधारण अकरा तास, आणि उन्हाळ्यात तेरा-साडेतेरा. दुपारी थोडी सुट्टी. साप्ताहिक सुट्टीची खात्री नाही, आणि गिरणी बंद असलेल्या दिवशी यंत्रं साफ करायला यायचंच. यात बायका होत्या आणि मुलंही होती. सात-आठ वर्षांची मुलं! तुमच्या घरातला तिसरी-चौथीतला भाचा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कल्पना येईल.

१८७० च्या दशकात सरकारी कापूस खात्यातल्या मेजर मूर नावाच्या अधिकाऱ्याने आपल्या अहवालात पहिल्यांदा याकडे बोट दाखवलं. १८७५ मध्ये मुंबई सरकारने एक कमिशन नेमलं. त्यात गिरणीमालकांच्या बाजूच्या मंडळींचाच भरणा होता. निकाल काय लागणार? बहुसंख्य सदस्यांचं मत पडलं की असल्या कायद्याची गरजच नाही. आणि त्याच १८७५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांची संघटनाही उभी राहिली. टायमिंग बघा.

मालकांचे तीन फंडे

कायद्याला विरोध करताना मालकांनी काय काय सांगितलं? थोडक्यात सांगायचं तर तीन फंडे होते. वाचताना तुम्हाला तुमच्या कंपनीचा टाउनहॉल आठवला तर दोष माझा नाही.

फंडा पहिला : ‘स्पर्धेत बुडू.’ आमचा धंदा अजून बाळसं धरतोय. मँचेस्टरकडे जुनी यंत्रं, जुना अनुभव, स्वस्त भांडवल. आमच्याकडे काय? फक्त स्वस्त मजूर आणि लांब दिवस. तोच कापलात तर आम्ही संपलो, आणि आमच्याबरोबर कामगारांची चूलही विझली.

फंडा दुसरा : ‘इथला कामगार वेगळा आहे.’ तो म्हणे विलायती कामगारासारखा सलग राबत नाही. मधेच विडी ओढायला जातो, पाणी प्यायला जातो, गप्पा मारतो, शेतीच्या दिवसांत गावाला पळतो. तेव्हा तेरा तास गिरणीत असला तरी तेरा तास ‘काम’ थोडंच करतो? आता यातली गंमत बघा. माणूस तेरा तास सलग काम करू शकत नाही म्हणून तो अधूनमधून बाहेर जातो, आणि तो बाहेर जातो म्हणून दिवस तेरा तासांचाच ठेवा! आजच्या भाषेत सांगायचं तर, ‘अरे, मधे दोन तास तर तुम्ही कँटीनमध्येच असता.’

फंडा तिसरा : ‘कामगारालाच हवंय.’ अनेकांना मजुरी नगावर मिळायची, जितका माल तितके पैसे. मग तास कमी केले तर नुकसान त्याचंच. शिवाय पुरुष माणूस आहे, स्वतंत्र आहे, त्याने किती राबायचं ते सरकारने का सांगावं?

तिन्ही फंड्यांत एक कॉमन गोष्ट आहे. मालक कुठेच ‘माझा नफा कमी होईल’ असं म्हणत नाही. तो कधी देशाच्या वतीने बोलतो, कधी धंद्याच्या वतीने, कधी चक्क कामगाराच्या वतीने.

आणि मँचेस्टरचं काय?

आता इथे कहाणीत ट्विस्ट आहे. मालकांचा पहिला फंडा अगदीच खोटा नव्हता!

मुंबईच्या कामगारांचा कळवळा अचानक कुणाला आला होता? लँकेशायरच्या कापड उत्पादकांना. मुंबईचं सूत चीनच्या बाजारात जायला लागलं होतं, देशातही खपत होतं. तेव्हा मँचेस्टरवाल्यांनी एकीकडे विलायती कापडावरचं आयात शुल्क काढून टाकण्यासाठी लंडनमध्ये जोर लावला, आणि दुसरीकडे ‘हिंदुस्थानातही कारखान्यांचा कायदा करा’ असा धोशा लावला. शुल्क १८८२ मध्ये जवळजवळ सगळं गेलंच. त्यामुळे इथल्या लोकांना संशय येणं साहजिक होतं.

बहुतेक राष्ट्रीय वृत्तपत्रांनी मालकांची बाजू घेतली. पुण्याचा ‘मराठा’ही कायद्याच्या विरोधात होता. कलकत्त्याच्या ‘अमृत बझार पत्रिके’ने तर १८७५ मध्ये असं लिहिलं की हा नवा उद्योग कोसळण्यापेक्षा कामगारांचा मृत्यूदर जास्त असलेला परवडला. पुन्हा वाचा. मृत्यूदर परवडला! देशप्रेमाच्या भरात बिल कुणाच्या नावावर फाडलं जातंय याचं भानच राहिलं नाही.

पण लँकेशायरचा स्वतःचा रेकॉर्ड काय होता? तिकडे जेव्हा तास कमी करण्याची मागणी झाली तेव्हा याच उत्पादकांनी आकाशपाताळ एक केलं होतं. १८३७ मध्ये ऑक्सफर्डचे अर्थशास्त्रज्ञ नासाऊ सीनियर यांनी त्यांच्यासाठी हिशोबच मांडून दिला. गिरणी साडेअकरा तास चालते, तिचा सगळा निव्वळ नफा शेवटच्या एका तासात येतो, तेव्हा तास कापलात तर नफा शून्य! हिशोब साफ चुकीचा होता. तास कमी झाले की कच्च्या मालाचा खर्चही कमी होतो, ही साधी गोष्ट त्यात नीट धरलेलीच नव्हती. शेवटी १८४७ मध्ये बायका आणि तरुण मुलांसाठी दहा तासांचा कायदा झाला. लँकेशायर बुडालं? अजिबात नाही. त्यानंतर कित्येक दशकं जगाच्या कापडबाजारावर त्याचंच राज्य होतं.

म्हणजे उत्पादकाला कायदा मुळातच नको असतो असं नाही. स्वतःच्या गिरणीत नको असतो. समोरच्याच्या गिरणीत मात्र तो हवाच असतो!

स्टोअरकीपर ते कामगारांचा माणूस

या सगळ्या भांडणात ज्याच्या तासांबद्दल बोलणं चाललं होतं, त्याला कुणी विचारलं होतं का? विचारणारा एक माणूस निघाला. नारायण मेघाजी लोखंडे.

जन्म १८४८ चा, ठाण्याचा. काही काळ रेल्वे आणि पोस्टात नोकरी, मग मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर. म्हणजे आजच्या हिशोबाने बऱ्यापैकी सेटल्ड व्हाइट कॉलर जॉब! तोपर्यंत ते महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीत आले होते. १८८० मध्ये ‘दीनबंधु’ हे पत्र मुंबईहून निघायला लागलं आणि लोखंडे त्याचे संपादक झाले. बाकीची वृत्तपत्रं मालकांच्या बाजूने लिहीत असताना ‘दीनबंधु’ कामगारांची बाजू मांडत होता.

१८८१ मध्ये पहिला कारखाना कायदा आला. पण काय आला? सात वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायचं नाही, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही. तोही फक्त शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना लागू. मोठ्या माणसांबद्दल अवाक्षर नाही. बायकांबद्दलही नाही.

सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंड्यांनी परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या काय होत्या बघा. रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू आणि सूर्यास्ताला बंद. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. कामावर जखमी झालेल्याला भरपाई. बस्स. आठ तास वगैरे कुणी मागितलेच नव्हते! ‘कामगारालाच लांब दिवस हवाय’ या तिसऱ्या फंड्याचं उत्तर त्या साडेपाच हजार सह्यांत होतं.

सहा वर्षं अर्ज, सभा, पुन्हा अर्ज असं चालू राहिलं. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार बायकांनी तिथे भाषणं केली. १८९० साली, गिरणीतल्या बायका, दहा हजारांसमोर! अखेर १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचाही वार, त्यामुळे तो आपल्या माणसांना परका नव्हता.

तेव्हा उद्या संडेला दुपारी दोनला ब्रंच करताना लोखंड्यांची आठवण काढायला हरकत नाही. १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत ते गेले. २००५ मध्ये त्यांच्यावर पोस्टाचं तिकीट निघालं. परळच्या राज्य सरकारच्या कामगार अभ्यास संस्थेलाही त्यांचंच नाव आहे.

१८९१ चा सुधारित कायदा आला. बायकांना दिवसाला जास्तीत जास्त अकरा तास, मुलांना सात तास, सगळ्यांना आठवड्याची सुट्टी. पुरुषांच्या तासांना मात्र अजूनही लगाम नव्हता.

आणि मग लाइट आली!

तोपर्यंत बहुतेक गिरण्यांत दिवस मोजायला सूर्य तरी होता. अंधार पडला की यंत्रं थांबायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांमध्ये विजेचे दिवे आले आणि तोही ब्रेक गेला.

१९०५ च्या सुमारास कापडाला तेजी होती. ज्या गिरणीत दिवे लागले ती चौदा-चौदा, पंधरा-पंधरा तास चालायला लागली. आता शेजारच्या गिरणीच्या मालकाने काय करायचं? तो भला माणूस असेल हो, त्याला वाटतही असेल की बारा तास पुरे. पण पलीकडचा जास्तीचं सूत काढतोय, बाजार खातोय. मग यानेही दिवे बसवले. मग तिसऱ्याने.

तुमच्या टीममध्ये एक जण रात्री साडेअकराला मेलला रिप्लाय देतो. पहिल्या आठवड्यात सगळे त्याला हसतात. दुसऱ्या आठवड्यात अजून दोघं द्यायला लागतात. महिन्याभराने जो देत नाही त्याच्या अप्रेझलमध्ये ‘कमिटमेंट कमी’ असं येतं. कुणीही ऑर्डर काढलेली नसते, तरी सगळ्यांची रात्र गेलेली असते. विजेच्या दिव्यांचं तसंच झालं. म्हणून ‘ज्याचं त्याने ठरवावं’ हे ऐकायला छान वाटलं तरी चालत नाही. एकट्याने ठरवणारा हरतो. नियम सगळ्यांना एकदम लागू झाला तरच तो टिकतो.

१९०५ मध्ये काही गिरण्यांच्या कामगारांनी दिवे लागल्यावर काम करायला नकार दिला, संप झाले, तणाव झाला. ‘टाइम्स ऑफ इंडिया’नेही या लांबलचक तासांविरुद्ध मोहीम चालवली. सरकारने आधी समिती नेमली, मग १९०७ मध्ये कमिशन. कमिशनच्या बहुमताने पुन्हा तेच सांगितलं की प्रौढ पुरुषांच्या तासांवर थेट कायदा नको. एकटे मद्रासचे डॉ. टी. एम. नायर अडून बसले. त्यांनी वेगळं मत नोंदवलं की पुरुषांच्या तासांनाही थेट मर्यादा हवी.

गंमत म्हणजे कायदा शेवटी त्यांच्याच दिशेने गेला. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा आली. हो, बारा! आज ऐकताना धक्का बसतो, पण त्या पिढीसाठी ती सुटका होती.

दरम्यान वातावरणही बदललं होतं. जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. ज्या कामगारांच्या तासांबद्दल राष्ट्रीय पत्रांना आधी फारसं देणंघेणं नव्हतं, तेच कामगार राजकीय शक्ती म्हणून रस्त्यावर आले. त्यानंतर त्यांच्याकडे काणाडोळा करणं कुणालाच परवडलं नाही.

मग धंदा बुडाला का?

हा खरा लाख रुपयांचा सवाल. मालकांचं सगळं म्हणणं या एका भीतीवर उभं होतं. १८८० च्या आसपास देशात साठेक कापड गिरण्या होत्या. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो आकडा अडीचशेच्या पुढे गेला होता. म्हणजे पहिले तीन कायदे झाले त्याच काळात गिरण्या चौपट झाल्या.

फेअर राहायचं तर दुसरी बाजूही सांगायला हवी. मुंबईने चीनचा सुताचा बाजार जपानकडे गमावला, हे खरं आहे. जपानी गिरण्या दिवस-रात्र दोन पाळ्यांत चालायच्या आणि रात्रपाळीला मुली असायच्या. पण मुंबईला फटका बसायला १८९३ नंतरची चलनाची भानगड होती, १८९६ पासूनचा प्लेग होता, जुनी यंत्रं होती. सगळं खापर कामाच्या तासांवर फोडणं सोपं होतं, इतकंच.

पुढे १९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. बाकी जगासाठी आठ तासांचा दिवस ठरला, हिंदुस्थानसाठी मात्र आठवड्याला साठ तासांची सूट. कामगारांचे प्रतिनिधी म्हणून तिथे ना. म. जोशी होते. कायदा व्हायची वाट न बघता १९२० च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला आणि दिवस बारावरून दहा तासांवर आला. १९२२ च्या कायद्यात मर्यादा होती अकरा तासांची. म्हणजे संप कायद्याच्या एक पाऊल पुढे होता!

१९३४ मध्ये आठवडा ५४ तासांचा झाला. मग १९४६ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर मंत्री असताना, तो ४८ तासांवर आला. दरवर्षी एप्रिलमध्ये एक फॉरवर्ड फिरतो की बाबासाहेबांनी दिवस चौदा तासांवरून एकदम आठवर आणला. प्रत्यक्षात ५४ वरून ४८ ची ती पायरी होती. पण आठवड्याचे सहा तास म्हणजे वर्षाचे तीनशे तास. लाखो माणसांना वर्षाला तीनशे तास परत मिळाले, हे काही कमी आहे?

फाइल पुन्हा उघडली

तुम्ही म्हणाल, चला, संपली गोष्ट. पण नाही ना! गेल्या काही वर्षांत ही फाइल पुन्हा टेबलावर आली आहे.

एप्रिल २०२०, लॉकडाउन. गुजरात सरकारने अधिसूचना काढून कारखान्यांत १२ तासांच्या दिवसाला परवानगी दिली, आणि जादा तासांना दुप्पट ऐवजी साधाच दर. १ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. कोर्टाने सांगितलं की साथीचं संकट म्हणजे कारखाना कायद्यातली ‘सार्वजनिक आणीबाणी’ नव्हे, आणि मंदीचा भार कामगारांवर टाकता येणार नाही.

२०२३ च्या फेब्रुवारीत कर्नाटकने १२ तासांच्या दिवसाला वाट करून दिली. त्यामागे अॅपल आणि फॉक्सकॉन यांचा आग्रह होता, अशी बातमी ‘फायनान्शिअल टाइम्स’ने दिली. एप्रिलमध्ये तमिळनाडू विधानसभेने तसंच विधेयक मंजूर केलं. संघटना भडकल्या, मित्रपक्ष रुसले आणि १ मे ला मुख्यमंत्री स्टालिन यांनी ते मागे घेतल्याचं जाहीर केलं. तारीख लक्षात घ्या, कामगार दिन! २०२४ मध्ये कर्नाटकात आयटीसाठी १४ तासांपर्यंतचा प्रस्ताव आला. आयटी कर्मचाऱ्यांनी आवाज उठवल्यावर तो थंडावला.

आणि आपल्याकडे? ३ सप्टेंबर २०२५ ला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर आणि दुकानं-आस्थापनांतली ९ वरून १० तासांवर नेण्याला मंजुरी दिली. तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादाही ११५ वरून १४४ तासांवर. कारण? गुंतवणूक येईल, रोजगार वाढेल. जादा तासांना कामगाराची संमती आणि दुप्पट पैसे लागतील, असंही सांगितलं गेलं.

पहिला फंडा आणि तिसरा फंडा ओळखू आले? ‘स्पर्धा आहे’ आणि ‘त्यालाच हवंय’. आता, पैशांची गरज असणाऱ्याला ओव्हरटाइम हवा असतो, हे खरंच आहे. पण त्याचा अर्थ एवढाच की आठ तासांच्या पगारात त्याचं भागत नाही. आणि संमतीचं म्हणाल, तर ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होकाराला किती अर्थ असतो, हे प्रोबेशनवर असलेल्या कुणालाही विचारा.

आपण नक्की कोण?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. १९४८ चा कारखाना कायदा त्यांत सामावला गेला. दिवसाला आठ तासांचं तत्त्व आणि जादा तासांना दुप्पट दर हे त्यात आहेत. पण हे कुणासाठी? ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांसाठी. मुख्यतः व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारे त्यातून बाहेर, आणि महिन्याला १८,००० रुपयांपेक्षा जास्त पगार घेणारे सुपरवायझरही बाहेर.

आता कळलं, दुसऱ्याच वर्षी तुमच्या व्हिजिटिंग कार्डावर ‘असिस्टंट मॅनेजर’ का छापलं जातं? टीममध्ये सहा जण आणि सहाही मॅनेजर! पण एक टिप लक्षात ठेवा. आपल्याकडची कोर्टं वर्षानुवर्षं सांगत आलीत की पदाचं नाव काय हे महत्त्वाचं नाही, माणूस प्रत्यक्षात काय काम करतो ते बघायचं. तेव्हा ‘मॅनेजर’ म्हटलं म्हणून हक्क आपोआप संपले असं समजू नका. ऑफर लेटर नीट वाचा. कामाचे तास लिहिलेत का बघा. उशिरा थांबावं लागलं तर त्याची नोंद स्वतःपाशी ठेवा. शंका आली तर कामगार आयुक्तांच्या ऑफिसात किंवा एखाद्या वकिलाला विचारा. त्यात लाज कसली?

आणि एवढंच नाही. तुमच्या बिल्डिंगच्या गेटवरचा सिक्युरिटीवाला बघा. सकाळी आठला उभा असतो, रात्री आठला रिलीव्हर आला तर सुटतो, नाही आला तर डबल ड्युटी. रात्री अकराला बिर्याणी आणून देणारा रायडर बघा. त्याला तर कुणी ‘कर्मचारी’ म्हणत नाही, ‘पार्टनर’ म्हणतात! त्यामुळे त्याच्या तासांची मोजदाद ना कंपनीकडे ना कायद्याकडे. १८८१ चा कायदा फक्त सात ते बारा वर्षांच्या मुलांपुरता होता आणि बाकीचे बाहेर होते. आज कुंपणाच्या बाहेर कोण उभं आहे ते आपणच बघायचं आहे.

करिअर करा, धमाल करा, कधी डेडलाइनसाठी रात्रभर जागा. आवडीचं काम असेल तर वेळ कळतही नाही, मान्य. पण पुढच्या वेळी स्टेजवरून कुणी म्हणालं की देशासाठी अजून थोडे तास द्या, तर टाळ्या वाजवण्याआधी एक साधा प्रश्न विचारा. त्या जास्तीच्या तासांचे पैसे कुणाच्या खात्यात जाणार आहेत?

तासांचा प्रवास : एका नजरेत

१८८१ : ७ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ तास. मोठ्यांना मर्यादा नाही.
१८९१ : बायकांना ११ तास, मुलांना ७ तास. आठवड्याची सुट्टी.
१९११ : कापड गिरण्यांत पुरुषांना १२ तास.
१९२२ : दिवसाला ११, आठवड्याला ६० तास.
१९३४ : दिवसाला १०, आठवड्याला ५४ तास.
१९४६ : आठवड्याला ४८ तास.
१९४८ : दिवसाला ९, आठवड्याला ४८ तास.
२०२५ : श्रमसंहितेत दिवसाला ८ तासांचं तत्त्व. राज्यांकडून मात्र १२ तासांपर्यंतच्या दिवसाचे प्रस्ताव.